उन्हाचं घर, तळ्याचं गाव

हळदीकुंकवाला जमा, भिशीला जमा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारीशेजारी बसा. दहा मिनिटांत बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं, ‘पुढे कसं होणार हो?’ मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे धावतो, कूलर रात्रंदिवस चालतो आणि विजेचं बिल पाहून घरधन्याच्या कपाळाला आठ्या पडतात. विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेल्या. पाऊस हवा तेव्हा येत नाही, आणि येतो तेव्हा उभं धान आडवं करून जातो. मुलं टीव्हीवर आणि मोबाइलवर जे उद्याचं जग बघतात त्यात तर नुसता धूर, पडकी शहरं आणि घोटभर पाण्यासाठी मारामाऱ्या. बघून बघून त्यांनाही वाटायला लागतं, उद्या म्हणजे हेच!

पण मैत्रिणींनो, जरा विचार करा. उद्याचा विचार आपल्याइतका रोजच्या रोज कोण करतं? रात्री आपण उसळीचं कडधान्य भिजत घालतो, दुधाला विरजण लावतो, चैत्र-वैशाखात वर्षभराचे पापड-कुरडया घालून ठेवतो, लोणच्याची बरणी भरतो. उद्या घरात माणसं असतील, जेवतील, चार पाहुणेही येतील, असं मनाशी धरूनच हे सगळं चाललेलं असतं. आशा म्हणजे काही आभाळातून पडणारी गोष्ट नव्हे. तीही अशीच आदल्या दिवशी भिजत घालावी लागते!

असाच विचार करणारे काही लेखक आणि चित्रकार जगात आहेत. त्यांनी आपल्या विचाराला नाव दिलं आहे ‘सोलरपंक’. नाव ऐकायला जरा विचित्रच. ‘सोलर’ म्हणजे सूर्याचं, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘पंक’ हा शब्द पाश्चात्त्य देशांतल्या बंडखोर पोरांच्या गाण्या-बजावण्यातून आला. दोन्ही मिळून अर्थ झाला, सूर्याच्या बळावर केलेलं बंड! हा शब्द २००८ च्या सुमारास पहिल्यांदा वापरात आला आणि २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये याच नावाचा एक कथासंग्रह निघाला. या मंडळींचं म्हणणं साधं आहे. जग बुडणार, जग बुडणार, अशा गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या. आता जग नीट चाललं तर ते कसं दिसेल, तेही कुणीतरी सांगा. त्यांच्या चित्रांत घरांवर वेली असतात, छपरावर सौर पाट्या असतात, मोडकी वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करायची सामाईक जागा असते, आणि पाणी, वीज, बाग यांचा कारभार त्या वस्तीतली माणसंच बघतात.

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशी खूळ आपल्या काय कामाचं? तर त्याचं मूळ शोधायला आपल्याला परदेशी जायलाच नको.

बिनधुराची चूल: एका बाईचं स्वप्न

साल होतं १९०५. मद्रासहून ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ नावाचं बायकांचं इंग्रजी मासिक निघत असे. त्याच्या संपादकही एक बाईच होत्या, कमला सत्यनाथन. या मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे ‘सुलतानाचं स्वप्न’ ही कथा छापून आली. लेखिका होत्या बेगम रुकैया सखावत हुसेन. जन्म १८८० चा, हल्लीच्या बांगलादेशातल्या रंगपूरजवळच्या पायराबंद गावचा. घरात कडक पडदा. शिक्षण झालं ते भावाच्या मदतीनं, चोरून. यजमान भागलपूरला सरकारी अधिकारी होते. ते दौऱ्यावर गेले असताना वेळ घालवायला म्हणून बाईंनी ही कथा लिहून काढली.

कथेतली सुलताना डुलकी लागल्यावर स्वप्नात एका निराळ्याच देशात जाते. तिथे राज्य बायकांचं आणि पडद्यात पुरुष! रस्ते बागेसारखे हिरवे. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर धूर नाही, कोळसा नाही, चूलही नाही. सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक होतो. पाऊस ढगांतूनच नळ्यांनी खाली घेतात, त्यामुळे ना दुष्काळ ना महापूर. ही सगळी करामत त्या देशातल्या बायकांच्या विद्यापीठांनी केलेली. आणि कचेरीचं काम दोन तासांत आटपतं, कारण सात तासांतला बराच वेळ पुरुष विड्या-चिरूट ओढण्यात घालवत, असा चिमटाही लेखिकेनं काढला आहे.

ज्या काळात वीज आपल्या गावोगावी पोचली नव्हती, त्या काळात घराबाहेर न पडलेल्या एका बाईनं हे लिहिलं, हे ध्यानात घ्या. सौर उष्णतेवरचं स्वयंपाकघर आधी तिच्या डोक्यात आलं, बाजारात कितीतरी वर्षांनी आलं. यंत्रापेक्षाही मोलाची तिची दुसरी गोष्ट म्हणजे कारभार कुणाच्या हाती, हा प्रश्न तिनं विचारला. तोच प्रश्न पुढे आपल्यालाही विचारायचा आहे.

तळ्यांचा जिल्हा

हे स्वप्न आता आपल्या मातीत लावून बघू या. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. वैनगंगा, बाघ, गाढवी अशा नद्या, नागझिरा-नवेगावचं जंगल, भाताच्या गिरण्या आणि जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या. झाडीपट्टी म्हणतात ती हीच.

या भागाला तळ्यांचा मुलूख म्हणतात ते उगीच नव्हे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर हे पाच जिल्हे मिळून सहा हजारांवर जुनी तळी आहेत. सरकारी कागदावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि लोक त्याचं लाडानं ‘मामा तलाव’ करतात. यांतली पुष्कळशी तळी गोंड राजांच्या राजवटीत कोहळी समाजानं बांधली. जंगल साफ करून जो तळं बांधील, त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन कसायला मिळे, असं सांगतात. नवेगावचा तो विस्तीर्ण बांध घालणाऱ्या कोलू पाटील कोहळीचं नाव आजही लोक घेतात.

या तळ्यांची रचना पाहिली की त्या माणसांच्या अकलेला हात जोडावेसे वाटतात. वर जंगल, मधे तळं, खाली बांध्या. पावसाचं पाणी जंगलातून सावकाश झिरपत, गाळून तळ्यात येतं. मातीची भक्कम पाळ ते अडवून धरते. पाळीतून पाणी सोडायला ‘तुडूम’ असतं, त्याचं तोंड उघडलं की पाणी उताराउतारानं आपोआप बांध्यांत जातं. तळं भरून वाहिलं तर जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या तळ्यात. पंप नाही, डिझेल नाही, वीज नाही. भाद्रपदात पावसानं दडी मारली आणि धान पोटरीवर आलं असलं, की हे एक पाणी पीक वाचवतं. तळ्यात शिंगाडे आणि मासे, काठाला गवत, गाळ काढला की शेताला खत. घरात उरलेल्या भाताचा फोडणीचा भात आणि सालींची चटणी करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. काही म्हणता काही वाया जात नव्हतं.

आणि हे सांभाळायला माणसंही नेमलेली असत. पाणी कुणाला, कधी, किती, हे गावचे पंच ठरवत. उन्हाळ्यात पाळीची डागडुजी सगळे मिळून करत. अर्थात हा काही रामराज्याचा देखावा नव्हता, हेही सांगायला हवं. मालगुजाराचा शब्द मोठा होता, आणि कष्ट करणाऱ्या बायकांना पंचांत जागा नव्हती. जुनं ते सगळं सोनं, असं समजून चालणार नाही. पण तळ्याला धनी होता आणि गावाला त्याची काळजी होती, एवढं खरं.

घडी कशी विस्कटली

मालगुजारी १९५०-५१ मध्ये कायद्यानं गेली. जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तळीही सरकारजमा झाली, आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, अशी गत झाली. पाळीची दुरुस्ती आता सरकार करील म्हणून गाव थांबलं, आणि निधी येईल तेव्हा बघू म्हणून कचेरी थांबली. गाळ साचत गेला. वरचं जंगल विरळ झालं, तसा तो आणखी लवकर साचला. काठाला ‘बेशरम’ माजली. जांभळट फुलांची ही झाडोरी मूळची दक्षिण अमेरिकेतली. उपटली तरी पुन्हा उगवते, म्हणून तर लोकांनी तिला असं नाव ठेवलं! तळ्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बी सोडून जास्त उत्पन्न काढायचा प्रयत्न झाला, त्यात इथली जुनी मासळी मागे पडली. शेतातल्या औषधांचं पाणीही शेवटी तळ्यातच येऊन पडू लागलं.

याचा पहिला फटका कुणाला बसला? ढिवर समाजाला. मासेमारी हाच त्यांचा पिढीजात धंदा. बहुतेकांजवळ शेतीचा तुकडाही नाही. घरधनी मासे धरून आणणार आणि बाई डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव विकणार. तळ्यात मासळी नाही म्हटल्यावर टोपली रिकामी. मग धानाची रोवणी-कापणी, नाहीतर मजुरीसाठी परमुलुख.

बायकांनी बेशरम उपटली

पण इथेच खरी गोष्ट सुरू होते. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या परिसरात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था पुष्कळ वर्षं या तळ्यांचा अभ्यास करते आहे. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, जुन्या ढिवरांजवळ बसले आणि विचारत राहिले, पूर्वी या तळ्यात कोणकोणते मासे होते, ते काय खात, अंडी कुठे घालत? म्हाताऱ्या माणसांना सगळं तोंडपाठ होतं. पाण्याखाली कोणती वनस्पती असली की कोणता मासा टिकतो, हे त्यांनी सांगितलं. मग प्रयोग ठरला. उन्हाळ्यात तळं आटलं की बेशरम मुळासकट काढायची, तळाची कडक झालेली जमीन नांगरायची, आणि पावसाचं पाणी आलं की इथल्याच पाणवनस्पतींची लावणी करायची.

लावणी म्हटल्यावर हात कुणाचे लागणार? धानाची रोवणी करणाऱ्या बायकांचेच. चिखलात वाकून ओळीनं रोप लावायचं कसब त्यांच्या बोटांत आहेच. ढिवर बायकांनी बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या आणि मग वाट बघितली. हळूहळू पाणी निवळलं, माशांना अंडी घालायला जागा झाली, गेलेली देशी मासळी परतू लागली आणि तिच्यामागोमाग पाखरंही आली. मासळीचं उत्पन्न वाढलं.

याहून मोठा बदल घडला तो निराळाच. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांत सभासद बहुतेक पुरुषच. तळ्याचा ठेका, त्याचा हिशेब, सगळं त्यांच्याकडे. टोपली उचलणाऱ्या बाईला सभेत बसायची सोय नाही. तळं सुधारायला कंबर कसल्यावर बायका विचारू लागल्या, राबायला आम्ही आणि सही करायला तुम्ही, हे कसं? त्यांनी गट केले, काही ग्रामसभेत उभ्या राहून बोलू लागल्या, काही जणी संस्थांच्या सभासद झाल्या. बेगम रुकैयांनी शंभरावर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तो हाच. कारभार कुणाच्या हाती?

धानातला उंच पाहुणा

तळी आणि बांध्या सांभाळल्या तर आणखी कोण राहतं, तेही सांगते. सारस! माणसाइतका उंच, करड्या अंगाचा, लाल डोक्याचा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात याच्याएवढा उंच दुसरा नाही. याचा जोडा जन्माचा मानतात. पाणथळीत नाहीतर थेट धानाच्या बांधीत गवत-काडीचा ढीग रचून त्यावर सहसा दोन अंडी घालतात, आणि नर-मादी पाळीपाळीनं उबवतात. (आपल्याकडच्या काही यजमानांनी हे वाचावं!) महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळपास एकट्या गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या थोड्या भागात. तोही दोन-चार डझनांच्या घरातच.

पाणथळ जागा कमी झाल्या, शेतात औषधांचा मारा वाढला, आणि मोठ्या पंखांचा हा पक्षी विजेच्या तारांना लागून मरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था दरवर्षी सारसांची मोजणी करते आणि शेतकऱ्यांच्या मदतीनं घरटी राखते. आपल्या बांधीत घरटं झालं तर तेवढा तुकडा कापणीत मागे ठेवणारा शेतकरी काही कथेतला नाही. पण त्याचं होणारं नुकसान सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायला नको का? उद्याचं चांगलं गाव म्हणजे जिथे सारसाच्या घरट्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही, असं गाव.

ऊन आहे, पण कुणाचं?

आता सूर्याकडे वळू. याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेलं, कोळशावर चालणारं प्रचंड औष्णिक वीज केंद्र आहे. २०१२ ते २०१४ या काळात ते टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. तिथली वीज दूरवर जाते. एवढी वीज जिल्ह्यात तयार होते, पण आपलं बिल काही त्यानं कमी होत नाही! आणि वर रणरणतं ऊन मात्र रोज फुकट वाया जातं.

फेब्रुवारी २०२४ पासून केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे. घराच्या छपरावर १ किलोवॅटचा सौर संच बसवला तर ३० हजार रुपये, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरवलं गेलं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाकाठी सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॅटचा संच असला तर महिन्याला सुमारे ३६० युनिट. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसा उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते आणि हिशेबात जमा होते. आपल्या भाषेत सांगायचं तर शेजारणीला वाटीभर साखर दिली, ती तिनं लक्षात ठेवली!

मात्र सूर्य आला म्हणजे सगळं आपोआप चांगलं होतं, असंही नाही. शेतावर सौर पंप आले, रात्री-अपरात्री पाणी द्यायला जायचा त्रास वाचला, साप-विंचवाची भीती गेली. पण ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर जमिनीखालचं पाणी किती दिवस पुरणार? त्यात उन्हाळी धान म्हणजे पाण्याचा मोठा खादाड. शिवाय सौर पाटीचं आयुष्य पंचवीसएक वर्षं धरतात. पुढे त्या पाट्यांचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवायला हवं. ज्यांना स्वतःचं छप्परच नाही, भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांचं काय? त्यांच्यासाठी शाळेच्या, समाजमंदिराच्या छपरावर सामाईक संच नको का?

सामाईक गोष्टींत वाटणी कशी असावी, याचा धडा महाराष्ट्रात पूर्वीच घालून दिलेला आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात ‘पाणी पंचायत’ चालवली. तिथे पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं, आणि भूमिहीनांचाही त्यात वाटा धरला. उसाला मात्र त्यात जागा नव्हती. गोंदियाच्या शेजारी गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतात. जंगल असो, पाणी असो की ऊन असो, वाटणी न्यायाची नसेल तर उद्याचा सूर्यही मालगुजारच व्हायचा!

एका घड्याळाच्या नावाचा तांदूळ

‘आपल्यासारख्या साध्या माणसांनी काय होणार?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा उघडावा. एचएमटी तांदूळ आपण सगळ्याच आणतो. हे वाण कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अगदी थोड्या जमिनीचे, जेमतेम शिकलेले शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना शेतात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि बारीक, चवदार तांदूळ मिळवला. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून तांदळाला ते नाव पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. नाव झालं, पण पैसा त्यांच्या हाती फारसा लागला नाही. हीही गोष्ट विसरू नये. चांगलं काम करणाऱ्याच्या पदरात त्याचं माप पडावं, हाही उद्याच्या हिशेबाचाच भाग आहे.

समजा, सन २०५०

आता थोडं स्वप्न बघू या. रुकैया बेगमना जमलं, आपल्याला का जमू नये?

समजा, सन २०५० आहे. मे महिना. तुमची नात गोंदियात राहते आहे. ऊन आजच्याहून कडकच आहे, ते काही टळलेलं नाही. पण तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कडुनिंब आणि करंज आहेत. छपरावर सौर पाट्या आहेत आणि त्यांच्या सावलीमुळे खालची खोली तापत नाही. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीघर आहे. मिक्सर, पंखा, सायकल, सगळं तिथे दुरुस्त होतं, आणि ते चालवतात दोन बायका आणि एक निवृत्त मास्तर. शनिवारी तुमची नात आगगाडीनं अर्जुनीकडे जाते. तिथल्या बायकांच्या गटाकडून शिंगाड्याचं पीठ, उन्हाच्या यंत्रात वाळवलेली मोहफुलं आणि ताजी मरळ घेते. तळ्याच्या पाळीवर बेशरम दिसत नाही. सारसाच्या वाटेवरच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. लांब बांधीत एक जोडा पिलाला घेऊन चालला आहे. आणि पाण्याच्या पाळीवरून सभेत भांडण चाललं आहे!

हो, भांडण असणारच. माणसं आहेत म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणार. पण ते भांडण सभेत आहे, सगळ्यांच्या देखत आहे, आणि सभेच्या अध्यक्षस्थानी ढिवराची लेक आहे.

यातली एक तरी गोष्ट अशक्य आहे का? सौर पाटी आज मिळते. तळं सुधारता येतं, हे बायकांनी करून दाखवलं. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. सामान सगळं ओट्यावर काढून ठेवलं आहे. प्रश्न आहे तो चूल पेटवायचा.

घरच्या घरी, आजपासून

सौर पेटी वापरा. काळा रंग दिलेली आतली पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, एवढंच तिचं यंत्र. स्वच्छ उन्हात डाळ-भात दीड-दोन तासांत होतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालावं, डबे बाहेरून काळे असावेत, सारखं झाकण उघडू नये. शेंगदाणे-रवा भाजणं, रताळी, ढोकळा, केक छान होतात. पोळी आणि फोडणी मात्र गॅसवरच. सकाळी दहाला पेटी लावून कामावर जावं, परत येईपर्यंत जेवण तयार. पावसाळ्यात तिला विश्रांती द्यावी.

पेटी उन्हात कोण ठेवणार, तेही ठरवा. गच्चीवर चढायचं, पाट्या पुसायच्या, हे नवं काम पुन्हा आपल्याच गळ्यात पडलं तर ‘सुधारणा’ कसली? चिरंजीवांना आणि यजमानांनाही पाळी लावून द्यावी.

छपराचा विचार करताना आधी वर्षभराची बिलं समोर ठेवून महिन्याचे युनिट काढा. मोठा संच विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. घराला पुरेल तेवढाच घ्या. शेजारच्या झाडाची, टाकीची सावली किती वाजता पडते ते बघा. पाट्या धुळीनं झाकल्या की वीज घटते, म्हणून अधूनमधून सकाळी गार असताना साध्या पाण्यानं धुवाव्यात.

गावातल्या तळ्याची चौकशी करा. आपल्या शहरातलं तळं कुणाच्या ताब्यात आहे, त्यात सांडपाणी कुठून येतं, काठावर भर घालून प्लॉट पडताहेत का, हे महिला मंडळानं नगर परिषदेला लेखी विचारावं. निर्माल्य तळ्यात न टाकता त्याचं खत करावं, गणपती शाडूचा आणावा आणि बादलीत विसर्जन करून ते पाणी झाडांना घालावं.

मासळी आणि शिंगाडे विकत घेताना टोपलीवालीशी दोन शब्द बोला. कोणत्या तळ्याचे, यंदा पाणी कसं आहे, ते विचारा. आणि चार रुपयांसाठी घासाघीस करू नका. पाणवनस्पतींच्या लावणीची मजुरी त्यातच आहे, असं समजा.

मुलांना उद्याचं चित्र काढायला सांगा. धूर आणि पडक्या इमारती नकोत, असं आधीच सांगून ठेवा. आपल्या गल्लीत, आपल्या गावात सगळं नीट झालं तर कसं दिसेल, ते काढ म्हणावं. मग त्यातली एक गोष्ट निवडून याच वर्षी करायला घ्यावी. एखादं झाड, एखादी पेटी, एखादा अर्ज.

बेगम रुकैयांची कथा यजमानांनी दौऱ्यावरून परत आल्यावर उभ्याउभ्याच वाचून काढली, आणि हा तर भयंकर सूड आहे, असं ते म्हणाले, अशी आठवण आहे. आपल्याला कुणावर सूड उगवायचा नाही. आपल्याला फक्त रात्री डाळ भिजत घालायची आहे. सकाळ होणार आहे, हे गृहीत धरून.